बुद्धिबळाचा पट आणि पाच विद्यार्थी



इस्लापूरसारख्या गावात ओट्यावर बुद्धिबळाचा पट मांडलेला दिसला की वडीलधारी मंडळी हटकतात, “अभ्यास सोडून हे काय चालले आहे?” आज याच खेळाची एक हकिकत आपणांस सांगावयाची आहे. ती दूरदेशीची असली, तरी तिचा धागा आपल्या घरापर्यंत येतो.

हा खेळ मूळचा आपल्या देशातला. ‘चतुरंग’ या नावाने तो इराणात गेला, अरबांनी त्याचा ‘शतरंज’ केला आणि पुढे तो युरोपात पोहोचला. आपण म्हणतो ते ‘शह’ आणि ‘मात’ हे शब्द त्या प्रवासाचीच खूण आहेत. नवव्या शतकात बगदादच्या ‘बैतुल हिकमत’मध्ये मुहम्मद इब्न मूसा अल्-ख्वारिज्मी हे थोर गणिती होऊन गेले. हिशेब पायरीपायरीने सोडविण्याच्या ठरीव रीतीला आज जगभर ‘अल्गोरिदम’ म्हणतात. तो शब्द त्यांच्याच नावावरून आला आहे. संगणकाचे सारे काम अशा रीतींवरच चालते. मग संगणकाची आणि बुद्धिबळाची गाठ पडली, यात नवल ते काय?

अमेरिकन गणिती क्लॉड शॅनन यांनी १९५० साली या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. डावात खेळणाऱ्यापुढे सरासरी ३० चाली असतात. आपली एक चाल आणि समोरच्याचे एक उत्तर, एवढाच विचार केला तरी हजाराच्या आसपास शक्यता होतात. आणखी एक जोडी पुढे पाहिली की दहा लाख! शॅनन यांनी दोन मार्ग सांगितले. एक, सर्वच चाली ठरावीक खोलीपर्यंत तपासाव्या. दुसरा, मोजक्या चांगल्या चाली निवडून त्यांचाच माग काढावा.

१९५९ साली अमेरिकेतील एम.आय.टी. या विद्यापीठात काही विद्यार्थ्यांनी हे काम अंगावर घेतले. अ‍ॅलन कोटोक, एल्विन बर्लेकँप, मायकेल लीबरमन, चार्ल्स नीसन आणि रॉबर्ट वॅग्नर अशी त्यांची नावे. प्राध्यापक जॉन मॅकार्थी त्यांना मार्गदर्शन करीत. याच सुमारास, १९६० साली, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या शास्त्रज्ञांनी बांधलेला ‘टिफ्रॅक’ संगणक कामाला लागला होता, हेही ध्यानात असू द्या.

त्या काळचा मोठा संगणकही आजच्या मोबाइलपुढे अगदी मंद. सर्व चाली तपासणे परवडणार नव्हते. तेव्हा या मुलांनी दोन युक्त्या योजल्या. पहिली समजण्यास बाजाराचे उदाहरण घ्या. एक बैल आपण नीट पाहिला आणि पसंत केला. दुसरा बैल लंगडा निघाला, तर त्याचे दात मोजत बसतो का? त्याचप्रमाणे, एखाद्या चालीला समोरच्याचे एक जरी उत्तर असे सापडले, की हाती असलेल्या चालीपेक्षा ती वाईट ठरते, तर तिची पुढची तपासणी सोडून द्यायची. यात काही गमवावे लागत नाही.

दुसरी युक्ती धोक्याची होती. प्रथम बऱ्या वाटणाऱ्या फक्त चार चाली घ्यायच्या, पुढच्या पायरीवर तीन, मग दोन. बाकीच्या न तपासताच टाकून द्यायच्या. १९६२ पर्यंत आज्ञावली तयार झाली. ती नवशिक्या खेळाडूला हरवू शके. कोटोकने पदवीचा प्रबंध याच कामावर लिहिला.

पुढे मॅकार्थी स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले. नोव्हेंबर १९६६ मध्ये या आज्ञावलीचा मॉस्कोच्या एका संशोधन संस्थेतील संगणकाशी सामना सुरू झाला. चाली तारेने जात. चार डावांना सुमारे नऊ महिने लागले. मॉस्कोकरांनी सर्व चाली तपासण्याचा मार्ग धरला होता. दोन डाव बरोबरीत सुटले, दोन मॉस्कोने जिंकले. अमेरिकन आज्ञावलीचे दुबळेपण उघड झाले: योग्य चाल कित्येकदा विचारात येण्याआधीच गाळली जाई. जी पाहिलीच नाही, ती खेळणार कशी?

पण ती मेहनत वाया गेली नाही. कोटोकने पुढे ‘पीडीपी-६’ या संगणकाच्या रचनेत भाग घेतला. त्याच संगणकावर रिचर्ड ग्रीनब्लॅट यांची आज्ञावली १९६७ मध्ये माणसांच्या स्पर्धेत उतरली. बर्लेकँप संदेशांतील चुका दुरुस्त करण्याच्या गणितात नामवंत झाले. आणि १९९७ साली ‘डीप ब्लू’ संगणकाने जगज्जेत्या कास्पारॉव्हला सामन्यात हरविले.

पालकहो, या हकिकतीत आपल्यासाठीही एक शह आहे. “आपल्या घराण्यात हे कोणी केले नाही,” “मुलीला एवढे शिकवून काय करायचे?” असे म्हणून आपणही मुलांच्या कितीतरी चाली न तपासताच पटावरून काढून टाकतो. लंगडा बैल पाहून सोडणे हे शहाणपण. न पाहताच सोडणे हे नुकसान. मुलगा किंवा मुलगी नवी वाट दाखवील, तेव्हा निदान दोन चाली पुढे पाहून मगच नकार द्या.

आणि विद्यार्थी मित्रांनो, ती मुले सामन्यात हरली, पण डाव मांडायला भ्याली नाहीत. प्यादे एकेक घर चालते; शेवटच्या घरी पोहोचले की त्याचाच वजीर होतो.