घडणावळ

माझे वडील पुण्यात सोन्या मारुती चौकाजवळच्या एका पेढीवर मोड घ्यायला बसत. गिऱ्हाईक बांगड्या पुढे ठेवी. वडील त्या कसोटीवर घासत, आत लाख किती भरली असेल याचा अंदाज घेत, डाग कुठे कुठे दिलाय ते भिंगातून बघत आणि घट धरून आकडा सांगत. समोरचा चेहरा पडे. ‘अहो, घडणावळच केवढी दिली होती!’ यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे, ‘वहिनी, घडणावळ हौसेची होती. हौस तुम्ही अंगावर घालून फेडलीत.’

मी पेढीवर बसलो नाही, गिटार दुरुस्त करायला लागलो. पण गेली पस्तीस वर्षं लोक माझ्याकडे जुनी इलेक्ट्रिक गिटार घेऊन येतात आणि विचारतात, ‘काका, किती येतील?’ तेव्हा मी वडिलांचंच काम करत असतो. मागच्या महिन्यात वसईच्या माझ्या जुन्या मित्राने तेच विचारलं. तो मुलाकडे कॅनडाला कायमचा चाललाय. त्याच्याकडे १९७२ ची फेंडर स्ट्रॅटोकॅस्टर आहे, बोटीवर नोकरी करणाऱ्या मामाने आणलेली. तिच्यावर पटाशी चालवली होती ती मीच, १९८८ मध्ये. म्हणजे आता कारागीर मी आणि मोड घेणाराही मीच.

जुन्या गिटारचा भाव कसा ठरतो हे सांगायचं तर लिओ फेंडरपासून सुरुवात करावी लागते. हा माणूस मुळात रेडिओ दुरुस्त करणारा. कॅलिफोर्नियात फुलर्टन गावी १९३८ मध्ये त्याने दुकान टाकलं. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. दुरुस्तीवाल्याच्या डोक्याने त्याने १९५० मध्ये भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली आणि तिची मान डिंकाने न चिकटवता चार स्क्रूंनी धडाला जोडली. फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्या, झिजले की मान काढा, दुसरी लावा. १९५४ ची स्ट्रॅटोकॅस्टरही तशीच. तिचे तिन्ही पिकअप (तारांची थरथर टिपणारे) आणि बटणं एकाच प्लॅस्टिकच्या पत्र्यावर बसवलेली, स्क्रू काढले की सगळं ताटासारखं उचलून हातात येतं. सुटे भाग बदलावेत हा तिच्या जन्माचाच हेतू होता. मिशिगनमधल्या कॅलमझू गावची गिब्सन कंपनी मात्र सुतारकामाच्या जुन्या घराण्यातली, मान चिकटवणारी. हा फरक भावात आजही दिसतो.

सुरुवातीला जुनी इलेक्ट्रिक गिटार म्हणजे नुसती जुनी वस्तू होती, नव्यापेक्षा स्वस्त. गिब्सनने १९५८ ते ६० या काळात लेस पॉल स्टँडर्ड पिवळ्या-तांबूस उतरत्या रंगात काढली. ती खपेना, म्हणून १९६१ मध्ये आकारच बदलून टाकला. त्या तीन वर्षांत दीड-पावणेदोन हजार नग निघाले असतील. पुढे दोन गोष्टी घडल्या. १९६५ च्या जानेवारीत फेंडर कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतली आणि ‘सीबीएसच्या आधीची’ असा शब्द वाजवणाऱ्यांच्या तोंडी आला. १९६६ मध्ये इंग्लंडात जॉन मेयॉलच्या ध्वनिमुद्रिकेवर एरिक क्लॅप्टनने तीच न खपलेली लेस पॉल अशी वाजवली, की जो तो ती शोधत सुटला. १९६७ मध्ये गिटारवादक माइक ब्लूमफिल्डने डॅन अर्लवाइनकडून १९५९ ची एक घेतली. बदल्यात दिली आपली १९५४ ची सोनेरी लेस पॉल आणि वर १०० डॉलर. तोवर जुन्याने नव्याला मागे टाकलं होतं, आणि जुन्यातही कोणतं साल याला पैसे पडू लागले होते.

क्लॅप्टनचीच दुसरी गंमत. १९७० मध्ये नॅशव्हिलच्या एका दुकानात त्याने स्वस्तात सहा जुन्या स्ट्रॅटोकॅस्टर उचलल्या. तीन मित्रांना वाटल्या, आणि उरलेल्या तिन्हींतलं उत्तम ते काढून एक गिटार जुळवली. तीच ‘ब्लॅकी’. त्याच वर्षी, त्याच नॅशव्हिलमध्ये जॉर्ज ग्रून याने जुन्या गिटारींचं दुकान थाटलं. तिथे भाव असे तो ‘कारखान्यातून निघाली तशीच’ असण्याला. एकाच गावात, एकाच वर्षी एक माणूस तीन गिटार मोडून एक करतो आणि दुसरा न मोडलेलीला पैसे मोजतो. मला हे प्रकरण नेहमी मजेदार वाटत आलंय.

सत्तरचं दशक मोडणाऱ्यांचं होतं. १९७२ मध्ये लॅरी दिमार्झिओने सुपर डिस्टॉर्शन नावाचा दणदणीत पिकअप काढला. मूळ पिकअप काढून तो बसवणं ही तरण्या पोरांची पहिली शस्त्रक्रिया. एडी व्हॅन हेलनने ५० डॉलरचं धड आणि ८० डॉलरची मान घेऊन आपली गिटार उभी केली, सायकलच्या रंगाने पट्टे मारले आणि जगभर पटाश्या सुटल्या. प्रत्येक पोखरलेल्या गिटारीमागे न पोखरलेली तेवढी दुर्मीळ होत गेली. भाव चढवला तो अशा रीतीने आमच्यासारख्यांनीच. १९९१ मध्ये ग्रूनचं ओळख पटवण्याचं जाडजूड पुस्तक आलं. कोणत्या साली कोणता स्क्रू होता इथपर्यंतचा त्यात हिशेब, आणि मग सगळेच सराफ झाले.

सराफी कशी चालते ते सांगतो. गिटार आली की मी वाजवून बघत नाही. आधी पत्रा उघडतो. बटणांच्या पाठीवर आकडे ठोकलेले असतात. १३७ हे बटणाच्या कारखान्याचं चिन्ह, पुढचे दोन साल सांगतात आणि शेवटचे दोन आठवडा. १३७७२१८ म्हणजे १९७२ चा अठरावा आठवडा. तीनपैकी एका बटणाचा आकडा वेगळा निघाला की तिथे कुणाचा तरी हात लागलाय. मग डाग बघायचा. सोनार जोडाला डाग म्हणतो आणि आम्हीही सोल्डरला तेच म्हणतो. कारखान्यातल्या बाईने दिलेला डाग आणि घरी पोराने दिलेला डाग यात सुगरणीची पोळी आणि होस्टेलची पोळी इतका फरक असतो. मग मान सुटी करून खोबणीत कडेला मूळ रंग राहिलाय का ते बघायचं.

घटीचे नियम अमेरिकेतल्या दुकानदारांनी पाडले आणि जग ते पाळतं. रंग काढून पुन्हा दिला की किंमत साधारण निम्मी. फ्रेट बदलले तर जवळजवळ काही कापत नाहीत. वाजवणाऱ्याच्या बोटांनी ते झिजायचेच. पिकअप बदलला पण जुना जपून ठेवलाय, तर थोडी घट. लाकूड कोरलं, तर ते भरूनही पूर्ववत होत नाही. नवा पिकअप कितीही महागाचा असो, त्याची किंमत सुट्या जुन्या पिकअपएवढीच, बसवण्याची मजुरी शून्य. परत फिरवता येतं ते माफ, लाकडात गेलं ते नाही. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी कितीदा काढली म्हणून त्याचा भाव कुणी पाडत नाही, कारण ती काढायचीच असते. फ्रेटचं तसंच.

रंगाच्या घटीवर मात्र माझा राग आहे. फेंडरने पन्नास-साठच्या दशकात जे खास रंग दिले ते मोटारींचेच, ड्युपाँटचे. लेक प्लॅसिड ब्लू हा कॅडिलॅकचा, फिएस्टा रेड फोर्डच्या थंडरबर्डचा. त्या रंगाला यादीत ५ टक्के जास्त पडत. आज तोच मूळ रंग असेल तर गिऱ्हाईक ५ टक्क्यांवर थांबत नाही. त्या ड्युपाँटच्या एका रंगाचं नाव ड्यूको, आणि आपल्याकडचा गॅरेजवाला मोटारीच्या कुठल्याही रंगाला अजून ड्यूकोच म्हणतो. फुलर्टनला मोटारीचा रंग दिला तर भाव वर, शंकरशेट रोडला दिला तर निम्मा.

आता पोरं म्हणतील, गिल्मोरच्या गिटारीला मग एवढे का आले? प्रसिद्ध गिटारवादक डेव्हिड गिल्मोरची काळी स्ट्रॅटोकॅस्टर म्हणजे वाटेल तशी चिरफाड झालेली. माना कितीदा बदललेल्या, १९८३ मध्ये दुसरी घोडी बसवण्यासाठी लाकूड कोरलं, पुढे ते भरलं. २०१९ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात तिला ३९ लाख ७५ हजार डॉलर आले. ब्लॅकीला २००४ मध्ये ९ लाख ५९ हजार ५००. तिथे मोजली जाते ती मालकी. पेशव्यांच्या घरची नथ आली असती तर वडिलांनीही कसोटी बाजूला ठेवली असती. बाकी कुणी ‘गिल्मोरसारखं मॉडिफाय केलंय’ म्हणून जादा मागितले की मी चहा सांगतो आणि विषय बदलतो.

आमच्याकडे १९९१ मध्ये बाजार खुला होण्याआधी हा प्रश्नच नव्हता. परदेशी गिटार यायची ती बोटीवरच्या माणसाच्या सामानातून. एरवी कोलकात्याच्या गिवसन आणि हॉबनर. बटण गेलं तर पासोड्या विठोबाजवळ रेडिओच्या दुकानातून मिळेल ते आणायचं, बसत नसेल तर भोक मोठं करायचं. मूळ भाग जपायचे हे कुणी सांगितलंच नव्हतं. मित्राच्या मामाने सिंगापूरहून सुपर डिस्टॉर्शन आणला तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. रुंद पिकअप त्या अरुंद खाचेत बसेना. सुताराकडून पटाशी आणली आणि एका दुपारी खाच रुंद केली. एक कड तिरकी गेली, अजून तशीच आहे. मग गॅरेजमध्ये नेऊन मारुतीचा लाल मारून घेतला.

परवा ती टेबलावर घेतली. तीन स्क्रूंची मान, त्या सालची. ही तीन स्क्रूंची गिटार एके काळी लोक नाकं मुरडून परत करायचे, आता तिलाही गिऱ्हाईक आहे. मान सरळ, खुंट्या मूळच्या, दोन पिकअप मूळचे, दोन बटणं १३७७२ वाली, तिसरं पासोड्या विठोबाचं. कुणाचा हात न लागलेली असती तर मी सव्वातीन लाखांपासून बोलायला लागलो असतो. रंगाने निम्मे गेले. उरलेल्यातून खाचेपोटी चौथा हिस्सा कापला.

‘सव्वा लाख,’ मी म्हणालो.

‘अरे, वाजते किती छान!’

‘वाजण्याचे धरलेत, म्हणून सव्वा.’

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, जुने सुटे भाग घरी आहेत, मी टाकून दिलेले नाहीत. दुसऱ्या दिवशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आला. मला बरं वाटलं. मूळ पिकअप असता तर दहा-पंधरा हजार सहज वाढवून सांगता आले असते. डब्यात घोडीवरचं क्रोमचं झाकण होतं, जे अमेरिकेतही लोक काढून ॲशट्रे म्हणून वापरत, आणि यानेही वापरलं होतं. सहा स्क्रू होते. वापरलेल्या तारांचं वेटोळं होतं. पिकअप नव्हता.

‘तूच घेतला असशील,’ तो म्हणाला.

घेतला होता. ८९ मध्ये एफसी रोडच्या एका पोराच्या गिवसनला बसवला. मजुरी घेतली होती चाळीस रुपये.