चार आण्यांचा विवाह

विवाह कशानें सिद्ध होतो, या प्रश्नाचें उत्तर धर्मशास्त्र एक देतें आणि घरांतील जमाखर्चाची वही दुसरेंच देते. नांदेड-लातूरकडील ख्रिस्ती घरांत विवाह ठरला कीं इतर घरांप्रमाणेंच मांडव, वाजंत्री, पोषाख व जेवणावळी यांची चर्चा सुरू होते. यांवांचून विवाह पुरा होईल काय, ही शंका वडील माणसांच्या मनांत असतेच. इतिहास तिचें निरसन करूं शकतो.

प्राचीन ख्रिस्ती परंपरेंत वधूवरांची परस्परसंमति हाच विवाहाचा प्राण मानला जात असे. पुढें गुप्त विवाहांमुळें तंटे वाढले, तेव्हां १५६३ सालीं ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें रोमन कॅथॉलिकांसाठीं धर्मगुरु व दोन-तीन साक्षीदार यांची उपस्थिति आवश्यक ठरविली. मेजवानी किंवा मिरवणूक विवाहाला अवश्य आहे, असें तिनेंहि म्हटलें नाहीं.

हिंदुस्थानांत १८७२ च्या पंधराव्या कायद्यानें ख्रिस्ती विवाहांची व्यवस्था लावली. त्याच्या सहाव्या भागांत, रोमन कॅथॉलिक सोडून इतर एतद्देशीय ख्रिस्त्यांसाठीं फार सुटसुटीत रीत सांगितली आहे. दोघांपैकीं कोणाचाहि जोडीदार हयात नसावा व वयाची अट पुरी झालेली असावी. मग परवाना मिळालेला अधिकारी व किमान दोन विश्वासू साक्षीदार यांच्यासमक्ष वधूवरांनीं देवाला स्मरून एकमेकांचा स्वीकार करावा. एवढें झालें कीं दोघांपैकीं कोणींहि मागितल्यास दाखला मिळावयाचा, आणि त्याची फी चार आणे! वयाची अट मात्र त्या काळीं फारच खालची होती. वर सोळा वर्षांहून व वधू तेरा वर्षांहून मोठी असली कीं काम भागे. १९७८ च्या दुरुस्तीनें ही मर्यादा २१ व १८ वर झाली. विधि स्वस्त असला म्हणजे तो सर्वांशीं न्याय्यहि असतो असें नव्हे, हें यावरून दिसतें.

नांदेड व लातूर हीं गांवें त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होतीं. देशी संस्थानांत हा कायदा राणीच्या ख्रिस्ती प्रजाजनांपुरताच चाले. निजामाच्या स्वतःच्या रयतेला तो लागू नव्हता. तेथें मंडळीची साक्ष व चर्चमधील नोंद यांनाच महत्त्व. याच मराठवाड्यांत जालन्याजवळ रे. नारायण शेषाद्रि यांनीं बेथेल हें ख्रिस्ती गांव वसविलें. ते स्वतः ब्राह्मण कुळांतले. १८४३ त मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. परंतु मराठी मुलखांतील ख्रिस्ती मंडळ्यांत पुढें महार-मांग समाजांतील गरीब कुटुंबांचाच भरणा मोठा होता. १९४८ त हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें आणि यथाकाल भारतीय कायदा या भागासहि लागू झाला.

गरिबाच्या कर्जाचें खापर लग्नखर्चावर फोडण्याची रीत जुनी आहे. १८७५ त पुणें व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले. त्यांची चौकशी करणाऱ्या कमिशननें मात्र, लग्नखर्च हें कर्जाचें कारण म्हणून वाजवीपेक्षां अधिक पुढें केलें जातें, असा अभिप्राय दिला. ऐपतीच्या मानानें खर्च मोठा खरा, पण असे प्रसंग आयुष्यांत थोडेच येतात. म्हणून साध्या विवाहाचा उपदेश करतांना गरिबाला उधळ्या ठरविणें योग्य नाहीं. तरीहि ज्याच्या डोक्यावर आधींच ऋण आहे, त्याला त्या एका दिवसाचा खर्च पुढें कित्येक वर्षें पुरून उरतो.

कायदा झाल्यावर दुसऱ्याच वर्षीं, २५ डिसेंबर १८७३ रोजीं, पुण्यास सत्यशोधक समाजाचा पहिला विवाह पुरोहितावांचून झाला. तेथेंहि मुख्य स्थान वधूवरांच्या शपथेलाच होतें. वाटा निराळ्या, परंतु गाभा एकच.

साधेपणा म्हणजे रुक्षपणाहि नव्हे. रे. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनीं ख्रिस्ती उपासनेला अभंगाची व कीर्तनाची जोड दिली. टाळ, पेटी आणि मंडळीचे कंठ एवढ्यावरहि विवाहविधि मंगल होतो. पाळकांची संमति असल्यास नेहमींच्या उपासनेला जोडूनच विधि ठेवावा. मंडळी आयतीच जमलेली असते व निराळा मांडव लागत नाहीं. परसांतलीं फुलें, धुतलेलीं पण ठेवणींतलीं वस्त्रें, चहा आणि एखादा घरचा गोड पदार्थ एवढ्यानें पाहुणचार होतो. मुलीच्या बापानें त्यासाठीं शेत गहाण टाकण्याचें कारण नाहीं.

कायद्याच्या परिशिष्टांत विवाहनोंदीचा नमुना दिलेला आहे. त्यांत नांव, वय, धंदा, राहण्याचें ठिकाण, वडिलांचें नांव यांचे रकाने आहेत. पंगतींत किती पानें मांडलीं होतीं, हें लिहिण्यासाठीं मात्र त्यांत जागा ठेवलेली नाहीं.