टॅरोमधले प्रेमाचे पान

लग्न जमेल का, दुरावलेले माणूस परत येईल का, असे प्रश्न घेऊन अनेक जण टॅरोची पाने मांडणाऱ्याकडे जातात. मांडणीत 'प्रेमी' हे पान आले की त्यांचा चेहरा खुलतो. हे ज्ञान प्राचीन इजिप्तमधले आहे, असेही त्यांना पुष्कळदा सांगितले जाते. ते कितपत खरे, हे पाहण्यासाठी आपण याच एका पानाचा माग काढू.

टॅरो हा मुळात पत्त्यांचा खेळ. १४४० च्या सुमारास तो उत्तर इटलीत खेळला जाऊ लागला. नेहमीच्या ५६ पानांना चित्रांची हुकमाची पाने जोडलेली असत. विदूषक धरून ती पुढे २२ ठरली. हात जिंकायचे, गुण मोजायचे, एवढाच व्यवहार. फ्रान्स आणि ऑस्ट्रियात लोक आजही तो तसाच खेळतात. मिलानच्या स्फोर्झा घराण्यासाठी १४५० च्या सुमारास हाताने रंगवलेल्या संचात प्रेमाच्या पानावर एक जोडपे हातात हात घेऊन उभे आहे आणि मध्ये, उंचावर, डोळे बांधलेला क्यूपिड, म्हणजे रोमनांचा मदन. पुढे फ्रान्समध्ये लाकडी ठशांनी छापलेल्या पानांवर मात्र तरुणाच्या दोन बाजूंना दोन स्त्रिया आल्या.

१७८१ साली पॅरिसमध्ये अंत्वान कूर द जेब्लँ या विद्वानाने जाहीर केले, की टॅरो हा इजिप्शियन पुरोहितांचा ग्रंथच आहे. पुरावा देणार कुठून? इजिप्तची चित्रलिपी शांपोलियोंने उलगडली ती १८२२ साली! (इजिप्तशी खरा धागा आहे तो साध्या पानांचा. चषक, तलवारी, नाणी ही चिन्हे मामलुक सुलतानांच्या काळातील पत्त्यांवरून युरोपात आली. फॅरोंचा त्यात संबंध नाही.) जेब्लँला या पानावर वधू-वर आणि त्यांना आशीर्वाद देणारा पुरोहित दिसला. एकोणिसाव्या शतकातील काही लेखकांना तेच तिघे म्हणजे सद्गुण आणि दुर्गुण यांच्यामध्ये अडकलेला तरुण वाटले. १९०९ साली लंडनमध्ये आर्थर वेट यांच्यासाठी पामेला कोलमन स्मिथ यांनी नवी चित्रे काढली. तिथे अ‍ॅडम, ईव्ह आणि वर देवदूत आहे. तेव्हा पानाचा अर्थ लग्न, मोह की निर्मळ प्रेम, हे दुकानातून कोणता संच आणला त्यावर ठरणार.

वेट यांनीच दहा पानांची एक मांडणी प्रसिद्ध केली आणि तिला 'प्राचीन केल्टिक' म्हटले. तिच्यातली नववी जागा 'आशा किंवा भीती' यांची. नवरा दुरावलेल्या बाईसाठी तिथे 'प्रेमी' आले, तर तो परतेल ही आशा, नाहीतर त्याचे दुसरीकडे जुळले ही भीती. दोन्ही चपखल बसतात. या निमित्ताने तिच्या मनातले बाहेर येते, हे आम्हाला मान्य आहे. पण संसार मोडायचा की नाही, हे पत्ते पिसून ठरावे?

बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली ३९ विद्यार्थ्यांना 'तुमच्या स्वभावाचे वर्णन' म्हणून एकेक कागद दिला. ५ पैकी सरासरी ४.२६ गुण देऊन त्यांनी ते जुळत असल्याचे सांगितले. सर्व कागदांवर मजकूर एकच होता, आणि तो बहुतांशी भविष्याच्या पुस्तकातून घेतलेला. वरच्या वर्गात हा प्रयोग करता येतो. कागदांवर मुलांची नावे घाला, आणि सर्वांचे गुण लिहून झाल्यावरच एकमेकांचे कागद वाचू द्या.