अनाथाच्या ताटाचा इतिहास

अनाथाश्रमांचा इतिहास लिहिणारे लोक इमारतींची, देणगीदारांची आणि उद्घाटनांची नोंद आवर्जून करतात. मुलांच्या ताटात काय पडत होते, ते मात्र शोधावे लागते. गेल्या दिवाळीत आपल्यापैकी काही जणी लाडवांचे डबे घेऊन एका बालगृहात गेलो होतो. दहा वर्षांचा म्हणून सांगितलेला एक मुलगा सहा वर्षांचा दिसत होता. वजन किती, असे विचारले तर तिथल्या बाई म्हणाल्या, “काटा बिघडलाय.” तेव्हापासून हा विषय मनात घोळतो आहे.

जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. पंढरपुरात प्रार्थना समाजाच्या मंडळींनी १८७५ मध्ये तसेच गृह काढले. टाकून दिलेले मूल जिवंत हाती आले, म्हणजे काम संपत नसे. खरे तर तेथूनच सुरू होई. अशा तान्ह्याला आईचे दूध कोठून मिळणार? गाईचे दूध पाणी घालून बोंडल्याने पाजायचे. मग पाणी कोणत्या विहिरीचे आणि बोंडले कसे धुतलेले, यावर त्याचा जीव. जुलाब झाले की अन्न अंगी लागत नाही, आणि अन्न अंगी लागले नाही की पुन्हा जुलाब. हा फेरा घरोघरच्या आजीबाईंनाही ठाऊक होता.

१८७६ ते ७८ च्या महादुष्काळात किती अन्नावर माणूस जगतो, याचा जाहीर वादच झाला. सर रिचर्ड टेंपल यांनी सरकारी कामावरच्या मजुराला रोज एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे पुरेत, असे ठरविले. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी त्याला कडक विरोध केला आणि काही महिन्यांत ते प्रमाण वाढवावे लागले. राबणाऱ्या प्रौढाचीच ही कथा, तर पोरक्या मुलाचा हिशेब कोण मांडणार?

तो हिशेब पंडिता रमाबाईंनी मांडला. कारण भूक त्यांनी स्वतः भोगली होती. वडील अनंतशास्त्री १८७४ साली गेले, त्याआधी ते कुटुंब अकरा दिवस रानात पाणी, झाडपाला आणि मूठभर खजुरी यांवर राहिले होते. पुढे आई व थोरली बहीणही गेली. १८९६-९७ च्या दुष्काळात बाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली घेऊन आल्या. पुण्यात त्या वेळी प्लेग; एवढ्या मुली शहरात ठेवता येईनात. तेव्हा पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगावची जमीन कामी आली. ती सुमारे १०० एकर जमीन त्यांनी शारदा सदनाला उत्पन्न व्हावे म्हणून फळबागेसाठी घेतली होती. तेथेच १८९८ मध्ये मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या व तेथील माणसे १९०० च्या आसपास गेली. इतक्यांना पुरतील अशा विहिरी, धान्य, भाजीपाला, दूधदुभते हे सारे बाईंनी पाहिले. तरीही, अन्न समोर असताना कित्येक मुली वाचल्या नाहीत. फार दिवस उपाशी राहिलेल्या पोटाला एकदम भरपूर अन्न सोसत नाही. थोडे थोडे, पातळ, वारंवार द्यावे लागते. आज डॉक्टर अशा मुलांना प्रथम हलके दूधच मोजून देतात आणि दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी असलेले सहा महिन्यांवरील व पाच वर्षांखालील मूल अतितीव्र कुपोषित मानतात. त्या काळी हे कोणाला माहीत होते?

आपल्या भागाकडे पाहू. देगलूर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. पुढे १९७२ च्या दुष्काळातली लाल मिलो आणि कामावर वाटलेली सुकडी मराठवाडा विसरलेला नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुले शिक्षणासाठी पुण्यास नेली. नळदुर्गजवळ राष्ट्र सेवा दलाने ‘आपलं घर’ उभे केले. तेथे धान्याचा प्रश्न पूर्वीसारखा नव्हता. पण दुःखातले मूल घास गिळत नाही, आणि पंगतीत शंभर जण असले की त्याच्या ताटात काय उरले, ते पाहणारे कोणी नसते.

केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत बालगृहातील मुलाला रोज ६०० ग्रॅम धान्य, १२० ग्रॅम डाळ, १५० मिलिलिटर दूध असे प्रमाण लिहिलेले आहे. प्रमाण वाईट नाही. पण ते कोठीत मोजले जाते, पोटात नव्हे. पातेल्याच्या तळाशी दाट वरण आणि वर पाणी, हे आपण गृहिणींना काय सांगावे! धीट मुले वाढप्याला ‘तळातले घाला’ म्हणतात. अशक्त मूल गप्प बसते.

आपल्या मंडळाकडे आरोग्य शिबिरासाठी घेतलेला उभे राहून वजन करण्याचा काटा आहे. पुढच्या भेटीस तो बरोबर न्यावा आणि मुलांची वजने एका वहीत लिहून दर तीन महिन्यांनी पुन्हा घ्यावीत, अशी सूचना मी कार्यकारिणीपुढे ठेवली आहे. लाडू अर्थातच न्यायचे आहेत.