दाखविलेला, खेळलेला आणि शिकविलेला खेळ : कबड्डीचा परदेशप्रवास

शाळांच्या आंतरराष्ट्रीय देवाणघेवाणीत खेळांना आवर्जून स्थान दिले जाते. भाषा येत नसली तरी खेळता येते, असे त्याचे कारण सांगण्यात येते. परंतु हे कारण अपुरे आहे. गावचा खेळ गावच्या संकेतांवर चालतो, आणि ते संकेत परक्याला ठाऊक नसतात. रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात, नवी मुंबईच्या द्रोणागिरी उपनगराच्या आसपास, कबड्डी हा गावोगावचा खेळ आहे. तेथील एखाद्या शाळेत परदेशी विद्यार्थी आला, तर थोड्याच वेळात त्याला हा खेळ समजावून देता येईल. ही सोय आपोआप निर्माण झालेली नाही. तिच्यामागे सुमारे शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि खेळातून स्नेह केव्हा जुळतो व केव्हा जुळत नाही, हे त्या इतिहासावरून स्पष्ट होते.

महाराष्ट्रात हुतुतू, बंगालमध्ये हाडुडु, तमिळनाडूत चेडुगुडु अशी या खेळाची नावे होती. नावांप्रमाणे रीतीही भिन्न होत्या. गामिनी प्रकारात बाद झालेला गडी बाहेरच राही. अमर प्रकारात गडी बाहेर जातच नसे, केवळ गुण मोजला जाई. संजीवनी प्रकारात प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद गडी पुन्हा मैदानात येई. इ. स. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियम सिद्ध करून अखिल भारतीय सामने भरविले. पुढे १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला. या घडामोडींतून संजीवनी प्रकार सर्वमान्य ठरला. द्रोणागिरी हे नाव ज्या पर्वताचे, त्याच पर्वतावरील वनौषधीचे नाव या प्रकाराला मिळालेले आहे, हा योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे.

खेळाच्या परदेशगमनाचा पहिला महत्त्वाचा प्रसंग १९३६ मधील होय. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी केली होती. या मंडळाच्या पथकाने बर्लिन येथे ऑलिंपिक सामन्यांच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची आणि हुतुतूची प्रात्यक्षिके केली. पारतंत्र्यात असलेल्या देशातील एका प्रांतिक संस्थेच्या दृष्टीने ही कामगिरी असामान्य होती. तथापि तिची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. प्रात्यक्षिकात एक बाजू करून दाखविते आणि दुसरी पाहते. शिवाय ज्या राजवटीने हे जागतिक संमेलन भरविले, तिने स्वदेशातील बहुतेक ज्यू खेळाडूंना आपल्या संघाबाहेर ठेवले होते, आणि तीनच वर्षांनी तिनेच युरोपला युद्धात लोटले. मैत्रीचा देखावा आणि मैत्री या दोन निराळ्या वस्तू आहेत, याचे याहून ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

दुसरी अवस्था १९७४ मध्ये दिसते. त्या वर्षी भारतीय संघ कसोटी सामन्यांसाठी बांगलादेशात गेला. त्या देशाला स्वतंत्र होऊन अवघी तीन वर्षे झाली होती. येथे कोणी कोणाला नवलाची वस्तू दाखवीत नव्हते. हाडुडु हा त्या लोकांचाही पिढीजात खेळ होता. पुढे १९७९ मध्ये बांगलादेशाचा संघ भारतात आला आणि मुंबईतही खेळला. १९७८ मध्ये आशियाई कबड्डी संघटना स्थापन झाली, आणि १९८० मध्ये कलकत्त्याला आशियाई अजिंक्यपदाचे सामने झाले. दोन्ही पक्षांना हरण्याची सारखीच मुभा असल्यामुळे या संबंधाला बरोबरीचे स्वरूप आले.

तिसरी अवस्था शिकविण्याची. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धांत कबड्डीला पदकांचा दर्जा मिळाला, आणि तेव्हापासून २०१४ पर्यंत पुरुषांचे प्रत्येक सुवर्णपदक भारतानेच जिंकले. २०१८ मध्ये जाकार्ता येथे हा क्रम खंडित झाला. इराणने पुरुषांच्या उपान्त्य सामन्यात भारताचा पराभव केला, आणि महिलांच्या अंतिम सामन्यात इराणी संघाने भारतावर २७–२४ असा विजय मिळविला. त्या विजयी महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. एका महाराष्ट्रीय शिक्षिकेच्या हाताखाली तयार झालेल्या परदेशी मुलींनी भारताला हरवावे, ही घटना काहींना बोचली असेल. परंतु खेळ खऱ्या अर्थाने दिला गेला याची खूण हीच होय. ज्याला आपण खेळ शिकविला, त्याला आपल्यावर विजय मिळविण्याचा अधिकारही दिलेला असतो. तो नाकारला, तर शिकविणे अपुरे राहते.

दाखविणे, खेळणे आणि शिकविणे या तीन पायऱ्या शाळांच्या देवाणघेवाणीलाही लागू पडतात. पाहुण्या विद्यार्थ्यांना खुर्च्यांवर बसवून लेझीम व मल्लखांब दाखविणे हा उत्तम स्वागतसमारंभ होईल; पण तो पहिल्याच पायरीवर थांबेल. कबड्डीला साहित्य लागत नाही; आखलेले मैदान आणि प्रत्येकी सात गडी एवढे पुरे. दोन्ही देशांची मुले प्रत्येक संघात मिसळून उभी केली, तर चढाईला गेलेल्या पाहुण्याच्या परतण्याकडे यजमान मुलांचे डोळे लागतील, आणि बाद झालेला यजमान पाहुण्याच्या गुणाने मैदानात परत येईल. आपला गडी कोण, हे तेथे देशावरून ठरत नाही. पाहुण्यांचा खेळही यजमानांनी तितक्याच आस्थेने शिकला पाहिजे, आणि त्यात प्रथम हरण्याची तयारी ठेवली पाहिजे. बर्लिनपासून जाकार्तापर्यंतच्या ब्याऐंशी वर्षांच्या प्रवासाने शिक्षकांच्या हाती दिलेला बोध एवढाच आहे.