युरोपीय संघाचे सामाईक आश्रय धोरण : सीमा एक, जबाबदारी कोणाची?

युरोपीय संघातील बहुतेक देशांनी परस्परांमधील सीमांवरची नित्याची तपासणी रद्द केली आहे. लिस्बनमध्ये उतरलेला प्रवासी स्पेन आणि फ्रान्स ओलांडून जर्मनीपर्यंत सहसा पारपत्र न दाखवता जाऊ शकतो. या मोकळिकीबरोबरच एक अवघड प्रश्न उभा राहिला. युद्धापासून किंवा छळापासून जीव वाचवण्यासाठी आलेली व्यक्ती या सामाईक प्रदेशात शिरली, तर तिच्या अर्जाचा निर्णय कोणत्या देशाने करायचा आणि तोवर तिचा सांभाळ कोणी करायचा? संघाच्या आश्रय धोरणाचा सारा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

पायाभूत संकल्पना

या धोरणाचा आधार १९५१ चा जिनिव्हा निर्वासित करार आणि १९६७ ची त्याची पुरवणी हा आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची सार्थ भीती असलेली आणि म्हणून स्वदेशाबाहेर राहणारी व्यक्ती म्हणजे निर्वासित, अशी व्याख्या त्यात आहे. अशा व्यक्तीला संकटाच्या ठिकाणी परत धाडता येत नाही. करारातील निकषांत न बसणाऱ्या, पण परत गेल्यास मृत्युदंड, यातना किंवा सशस्त्र संघर्षातील गंभीर धोका संभवणाऱ्या व्यक्तींना संघाचा कायदा दुय्यम संरक्षण देतो.

रोजगारासाठी होणारे स्थलांतर हा वेगळा विषय आहे. नोकरीच्या शोधात येणाऱ्या किती परदेशी नागरिकांना प्रवेश द्यायचा, हे ठरवण्याचा अधिकार संघाच्या मूळ करारांनी सदस्य देशांकडेच ठेवला आहे. आश्रयाचे नियम सामाईक आणि कामगारांची संख्या मात्र ज्याची त्याने ठरवायची, अशी ही विभागणी आहे.

शेंगेनपासून डब्लिनपर्यंत

अंतर्गत सीमा खुल्या करण्याचा शेंगेन करार १४ जून १९८५ रोजी झाला आणि २६ मार्च १९९५ पासून सात देशांत प्रत्यक्षात आला. पोर्तुगाल त्या पहिल्या सातांपैकी एक. एकाच व्यक्तीने अनेक देशांत अर्ज करू नयेत आणि कोणत्याही देशाने जबाबदारी टाळू नये, यासाठी १९९० मध्ये डब्लिन करार करण्यात आला. तो १९९७ मध्ये अमलात आला. २००३ आणि २०१३ मध्ये त्याची जागा संघाच्या नियमनांनी घेतली.

जबाबदार देश ठरवताना कुटुंबीय कोठे आहेत, पूर्वी व्हिसा कोणी दिला होता, हे आधी पाहिले जाते. व्यवहारात मात्र बहुधा पुढचा निकष निर्णायक ठरतो : ज्या देशातून व्यक्तीने विनापरवाना प्रवेश केला, तोच देश जबाबदार. बोटांच्या ठशांची ‘युरोडॅक’ ही माहिती प्रणाली २००३ पासून त्यासाठी वापरली जाते.

या नियमामुळे मोठा भार भूगोलाने ठरवलेल्या देशांवर, म्हणजे ग्रीस, इटली, माल्टा आणि स्पेन यांच्यावर पडला. २०११ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ग्रीसमधील आश्रयार्थींची परिस्थिती अमानवी ठरवली आणि एका अफगाण नागरिकाला तेथे परत पाठवल्याबद्दल बेल्जियमलाही दोषी धरले. दुसरीकडे, अनेक आश्रयार्थी पुढे जर्मनी किंवा स्वीडन गाठत असल्याने उत्तरेकडील देशांचीही तक्रार होती. अशा रीतीने हा नियम कोणालाच समाधानकारक वाटेनासा झाला.

२०१५ ची कसोटी

सीरियातील युद्धामुळे २०१५ मध्ये संघात प्रथमच अर्ज करणाऱ्यांची संख्या बारा लाखांवर गेली. इटली व ग्रीसमधील १,६०,००० आश्रयार्थी इतर देशांत वाटून घेण्याचा निर्णय झाला. त्याचा प्रमुख भाग हंगेरी, झेक प्रजासत्ताक, स्लोव्हाकिया व रुमानिया यांचा विरोध असताना बहुमताने संमत करण्यात आला. प्रत्यक्षात सुमारे ३५,००० जणांचेच स्थलांतर होऊ शकले. या निर्णयाचे पालन न केल्याबद्दल पोलंड, हंगेरी व झेक प्रजासत्ताक यांना संघाच्या न्यायालयाने २०२० मध्ये दोषी ठरवले. तोवर योजनेची मुदत संपून गेली होती.

मार्च २०१६ मध्ये तुर्कस्तानशी समझोता करून ग्रीक बेटांकडे येणारा ओघ रोखण्यात आला. बाहेरच्या देशाला साहाय्य देऊन ओघ तेथेच थांबवण्याचा हा मार्ग संघाने पुढे ट्युनिशियासारख्या देशांशी करार करतानाही अनुसरला.

२०२२ मध्ये वेगळे चित्र दिसले. युक्रेनवरील आक्रमणानंतर अवघ्या काही दिवसांत, ४ मार्च रोजी, २००१ पासून न वापरलेला तात्पुरत्या संरक्षणाचा निर्देश प्रथमच लागू करण्यात आला. चाळीस लाखांहून अधिक लोकांना वैयक्तिक चौकशीविना निवास, काम आणि शिक्षणाचा हक्क मिळाला. कोणत्या देशात राहायचे हेही त्यांनाच ठरवता आले. राजकीय इच्छा असेल तेव्हा सामाईक यंत्रणा किती वेगाने चालू शकते, याचा हा दाखला होय.

नवा करार

युरोपीय आयोगाने सप्टेंबर २०२० मध्ये मांडलेला स्थलांतर व आश्रय विषयक नवा करार मे २०२४ मध्ये संमत झाला. दहा कायद्यांच्या या संचाच्या अंमलबजावणीसाठी जून २०२६ हा काळ निश्चित करण्यात आला. त्यातील मुख्य तरतुदी अशा :

विनापरवाना आलेल्या प्रत्येकाची ओळख, आरोग्य व सुरक्षा या दृष्टीने सात दिवसांच्या आत पूर्वतपासणी. ठसे घेण्याचे किमान वय चौदावरून सहा वर्षे.

ज्या देशांच्या नागरिकांना संरक्षण मिळण्याचे प्रमाण वीस टक्के किंवा त्याहून कमी आहे, त्यांच्या अर्जांवर सीमेवरच साधारण बारा आठवड्यांत निर्णय.

प्रथम प्रवेशाचा नियम कायम. मात्र भार वाहणाऱ्या देशांना साहाय्य बंधनकारक. इतर देशांनी आश्रयार्थी स्वीकारावेत, पैसे द्यावेत किंवा मनुष्यबळ व साधने पुरवावीत. कायद्याने वर्षाला किमान ३०,००० जागा आणि साठ कोटी युरो हे प्रमाण ठेवले आहे.

साहाय्य सक्तीचे, पण त्याचा प्रकार ऐच्छिक, ही या कराराची मध्यवर्ती तडजोड आहे. पोलंड व हंगेरी यांनी तरीही विरोधी मत नोंदवले. मानवाधिकार संघटनांचा आक्षेप वेगळा आहे : सीमेवरील घाईच्या प्रक्रियेत कोंडून ठेवण्याचे प्रकार वाढतील आणि खऱ्या पीडिताला आपली बाजू मांडण्यास पुरेसा अवधी मिळणार नाही.

भारत आणि गोमंतकीय

एप्रिल २०२५ मध्ये आयोगाने ‘सुरक्षित मूळ देशां’ची संघव्यापी यादी प्रस्तावित केली. बांगलादेश, कोलंबिया, इजिप्त, कोसोव्हो, मोरोक्को आणि ट्युनिशिया यांच्यासोबत तीत भारताचे नाव आहे. अशा यादीतील देशाच्या नागरिकाचा अर्ज आपोआप फेटाळला जात नाही, पण तो शीघ्र प्रक्रियेने हाताळला जातो आणि स्वतःला धोका असल्याचे सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर अधिक पडतो. युरोपात पोचल्यावर आश्रयाचा अर्ज करून राहता येईल, असे सांगणाऱ्या दलालांवर विसंबण्यापूर्वी हे ध्यानी घेणे आवश्यक आहे.

पोर्तुगीज नागरिकत्व मिळालेल्या गोमंतकीयांना मात्र आश्रयाचे हे नियम लागू होत नाहीत. ते संघाचे नागरिक ठरतात आणि मुक्त संचाराच्या स्वतंत्र कायद्याखाली येतात. एकाच गावातील दोन व्यक्ती युरोपच्या दारात उभ्या राहिल्या, तर त्यांच्यापुढील वाट त्यांच्या हातातील पारपत्रावरून ठरते. ज्यांच्यापाशी असे पारपत्र नाही आणि मागे परतण्याची वाटही नाही, त्यांची जबाबदारी सत्तावीस देश कशी वाटून घेतात, यावर नव्या कराराचे यश अवलंबून राहील.