वाई आणि हिंजवडी
वाई : सातारा जिल्ह्यातील कृष्णाकाठचे तालुक्याचे ठिकाण. येथील घाट व देवळे बहुतांशी रास्ते सरदारांची. ढोल्या गणपतीचे मंदिर (१७६२) नदीपात्रालगत असल्याने पुराचा लोंढा दुभंगावा म्हणून त्याची मागची भिंत मत्स्याकार बांधली आहे. मूर्तीइतकीच ही युक्तीही पाहण्याजोगी. प्राज्ञपाठशाळा व मराठी विश्वकोशाचे कार्यालय येथेच. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांची ही कर्मभूमी.

हिंजवडी : पुण्याच्या पश्चिमेस, मुळशी तालुक्यात. औद्योगिक विकास महामंडळाच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमुळे शेतांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. रस्ते मात्र मागे पडले, आणि वाहतूककोंडी ही गावाची दुसरी ओळख झाली. तरीही चैत्री पौर्णिमेला ग्रामदैवत म्हातोबाचे बगाड (यात्रेतला लाकडी गाडा) निघते. असेच वाईजवळच्या बावधनचे बगाड रंगपंचमीला असते.